एका खिळ्याला दोन चिठ्ठ्या

आत्याच्या दुकानात शिरलं की डाव्या हाताची भिंत नव्या गिऱ्हाइकाला आधी भुरळ घालते आणि मग घाबरवते. लांबून वाटतं, बाईंनी हौसेनं सायकलीचे सुटे भाग मांडून ठेवलेत. काळे, सोनेरी, चकचकीत, एका खिळ्याला एक. जवळ गेलं की लक्षात येतं, यातला एकही धड नाही. तडा गेलेलं पेडल आहे. पहिल्याच दगडावर बसून गेलेला शॉकअप आहे. बटण दाबलं की खाली-वर होणारी सीटची दांडी आहे, ती एकदा खाली गेली ती वर आलीच नाही, आणि तिच्यावर बसलेला दंतवैद्य गुडघे कानाला लावून सहा मैल सायकल हाकत घरी आला. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आहे, आणि प्रत्येक चिठ्ठीवर पाच ओळी आहेत. बसवलं कधी, गेलं कधी, कुठं, कसं, कारण.

"हे सगळे नापास," आत्या सांगते. "आणि यातल्या प्रत्येकाचं कुठं ना कुठं तोंड भरून कौतुक छापून आलेलं आहे."

आत्या खरं म्हणजे एकट्या भाच्याची आत्या. पण तो लहानपणी दिवसभर दुकानात बसून "आत्या, आत्या" करायचा, ते ऐकून ऐकून गिऱ्हाइकंही तसंच म्हणायला लागली, आणि आता तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असलेले लोकसुद्धा पंक्चर झालेली सायकल ढकलत येतात आणि दारातून "आत्या, आहात का?" असं विचारतात. ती कुठं जाणार? पासष्टाव्या वर्षी ती सकाळी सात ते संध्याकाळी सात त्याच उंच स्टुलावर असते.

ते स्टूल कारखान्यातलं. वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात तिनं बावीस वर्षं तपासणीच्या खात्यात काढली. समोर काटा यायचा, त्यावर वजनं ठेवायची, काढायची, पुन्हा ठेवायची. एकदा गरम खोलीत, एकदा थंड खोलीत. सगळं जुळलं तरच पासचा शिक्का. एका नव्या साहेबाला ही सगळी चैन वाटली. तो म्हणाला, "बाई, सगळे एकाच साच्यातले. दहातला एक तपासला तरी चालेल." आत्या म्हणाली, "चालेल. मग तुम्हीपण दहा महिन्यांतून एकदा पगार घ्या." साहेबाचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार, पण ती म्हणते की आपण बघितला नाही, समोर काटा होता.

कारखाना बंद पडला तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. निरोपाच्या दिवशी लोकांनी घड्याळं घेतली, तिनं स्टूल मागून घेतलं. भावाच्या घरामागची पत्र्याची खोली तिनं साफ केली आणि सायकल दुरुस्ती सुरू केली. गावाच्या डोक्यावरच डोंगर आहे, त्यात वाटा आहेत, आणि त्या वाटांनी जाड टायरच्या सायकली हाकायचं वेड तेव्हा नुकतंच आलं होतं. भाऊ हसला. बाईच्या हाती कोण सायकल देणार, म्हणाला. मग गंमत म्हणून त्यानं स्वतःचीच दिली. ती तीन दिवस तिनं ठेवून घेतली आणि परत देताना चौदा दोषांची यादी हातात ठेवली. पंधरावा दोष सायकल हाकणाऱ्यात आहे, असं तोंडी सांगितलं. त्यानंतर भावानं या विषयावर तोंड उघडलं ते फक्त लोकांना तिचा पत्ता सांगायला.

भाचा तेव्हा नऊ वर्षांचा. शाळा सुटली की पत्र्याच्या खोलीत येऊन अभ्यास करायचा. त्याचं अक्षर सुरेख, आणि आत्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून भिंतीवरच्या पहिल्या चाळीसेक चिठ्ठ्या त्यानं लिहिल्यात. ती हात पुसत सांगायची, तो जीभ बाहेर काढून लिहायचा. "कुठं: वळणावर. कारण: धातू हलका करायच्या नादात पातळ केला." कारणाच्या ओळीवर ती फार वेळ घ्यायची. कधी कधी दोन दोन दिवस ती ओळ कोरी राहायची. कळल्याशिवाय लिहायचं नाही, असा तिचा हट्ट होता.

आणखी एक हट्ट होता, आणि त्यावरून गिऱ्हाइकं कुरकुरायची. कुठलाही नवा भाग ती आधी स्वतःच्या सायकलला लावायची. रोज सकाळी सहा वाजता पाण्याच्या टाकीपासून पुलापर्यंतचा उतार. चार वळणं, एक दगडांचा पट्टा, एक कायम ओली जागा. एक उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा. तिन्हीत टिकलं तर मग गिऱ्हाइकाच्या सायकलीला. "आत्या, बाहेर सगळे वापरतात हो," कुणी म्हणालं की तिचं उत्तर ठरलेलं होतं: "मग बाहेरच बसवून घे. मोडलं की मात्र इकडं आण, भिंतीवर जागा आहे."

हाच भाचा पुढं सायकलींच्या सुट्या भागांवर लिहायला लागला याचं कुणाला नवल वाटलं नाही. दिवसा तो जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी इंटरनेटवर परीक्षणं लिहायचा. लिहायचा झकास. त्याच्या लेखात पेडल पायाला ओळखायचं, टायर जमिनीशी बोलायचा, साखळी रेशमासारखी सरकायची. वाचणारे हजारो झाले. मग कंपन्या स्वतःहून खोकी पाठवायला लागल्या. नवं कोरं खोकं, आत मऊ कागद, वर हातानं लिहिलेली चिठ्ठी: आपल्यासारख्या जाणकाराचं मत आम्हाला मोलाचं. हरभऱ्याच्या झाडावर चढायला माणसाला आणखी काय लागतं? भाचा चढला. आणि वर चढलेल्या माणसाला खालचं बारीक दिसतं, तसं त्याचं झालं. खोकी इतकी यायची की एकेका वस्तूला आठवडासुद्धा मिळेना. पण बाकीचे परीक्षणवाले लिहायचे, "महिनाभर वापरून." मग तोही लिहू लागला, "महिनाभर वापरून."

त्यानं वाखाणलेल्या वस्तू एक एक करून आत्याच्या भिंतीवर यायला लागल्या. बाहेर बसवून घेणारे लोक मोडलं की इमानानं इकडं आणायचे. आत्या चिठ्ठी लिहायची, आता स्वतःच्या कोंबडीच्या पायांनी, आणि खिळ्याला अडकवायची. भाच्याला त्यावरून ती एका शब्दानं बोलली नाही. खरं तर बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो दुकानात आला की उजवीकडे बघत आत शिरायचा आणि उजवीकडेच बघत बाहेर पडायचा.

मग तो ब्रेक आला.

तेलाच्या दाबावर चालणारा, बोटाच्या एका टोकानं सायकल जागच्या जागी उभी करणारा. लिव्हर अशी की हात लावला की सोडवेना. भाच्याला तो खरोखर आवडला, यात खोटं काही नाही. ऐन उन्हाळा होता. त्यानं परीक्षण लिहिलं आणि मथळा दिला: "डोळे मिटून घ्या." पहिलं वाक्य होतं, "महिनाभर डोंगरातले सगळे उतार उतरून मी हे लिहितो आहे."

चार दिवसांत गावातले अकरा जण तो ब्रेक घेऊन आत्याच्या दारात. आत्यानं ठरलेलं उत्तर दिलं. तेव्हा टपालवाली पुढं झाली. ही बाई डोंगरावरच्या वस्त्यांना सायकलनं टपाल पोचवते, बोलण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. ती म्हणाली, "आत्या, लिहिलंय तुमच्याच भाच्यानं. महिनाभर डोंगरात हाकून लिहिलंय. आणि तुम्हीच त्याच्या शब्दावर बसवणार नसाल, तर आम्ही काय समजायचं?"

आत्या अडली. बावीस वर्षांच्या दुकानदारीत पहिल्यांदा. तिनं मोबाइल काढला, चष्मा लावला, परीक्षण सावकाश दोनदा वाचलं. मग टपालवालीची सायकल स्टँडवर चढवली. त्या आठवड्यात तिनं अकराही जोड्या बसवल्या. भाच्याला हे कळलं तेव्हा त्याची छाती फुगली, आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचलं. छाती मोठी असल्यामुळे टोचणं दबून गेलं.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. अकरा सायकली गावभर फिरत राहिल्या आणि सगळे खूश होते. मग एका सोमवारी पहाटे अचानक गारठा पडला. टपालवाली वरच्या वस्तीवरून खाली येत होती. शेवटच्या वळणाला तिनं लिव्हर दाबली आणि ती काहीही अडथळा न होता सरळ मुठीला टेकली. दुसरी दाबली, तीही तशीच. ती कुंपण तोडून एका परसात शिरली. हनुवटीला पाच टाके, मनगट सुजलेलं, आणि पत्रं कोबीच्या वाफ्यात. त्या घराचं टपाल मात्र वेळेवर पोचलं, असं तिनं दवाखान्यात पडल्या पडल्या सांगितलं.

दुपारी भाच्याला कचेरीत आत्याचा फोन आला. "संध्याकाळी घरी ये. जेवायला नाही, फ्रीज बघायला."

तो गेला. आत्यानं फ्रीज उघडला. दुधाच्या बाटलीशेजारी, अंड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीत टपालवालीचा ब्रेक ठेवलेला होता.

"दाब."

त्यानं लिव्हर दाबली. ती ओल्या फडक्यासारखी मुठीला टेकली. आत्यानं तो ब्रेक त्याच्याकडून घेतला, दोन्ही तळव्यांत धरला आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहिली. पाचेक मिनिटं गेली. मग तिनं तो पुढं केला. "आता दाब." आता लिव्हर दगडासारखी घट्ट.

"आतलं रबरी सील थंडीत आकसतं," ती म्हणाली. "फटीतून हवा शिरते. ऊब मिळाली की पुन्हा शहाणं होतं. म्हणून आपल्याला कुणालाच कळलं नाही. तू तरी काय करणार? महिनाभर डोंगरात घातलास, पण उन्हाळा होता."

भाच्यानं लिव्हर सोडली. इथंच सांगायला हवं होतं. महिना नव्हता. नऊ दिवस होते, आणि त्यातले सात कालव्याकाठच्या सपाट रस्त्यावर. पण आत्या त्याच्याकडे इतक्या सरळ नजरेनं बघत होती, की त्यानं मूग गिळले. त्या वेळी तो स्वतःला जेवढा नावडला, तेवढा आधी कधीच नावडला नव्हता.

"शनिवारपासून दंव पडणार आहे," आत्या म्हणाली. "सोमवारची थंडी नुसती झलक होती. अजून दहा सायकली रस्त्यावर आहेत. शनिवारच्या आत दहाही उतरवायच्या. तू येणार आहेस."

त्यानं कचेरीतून रजा काढली. त्याच रात्री त्यानं परीक्षणाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, हा ब्रेक थंडीत निकामी होतो, वापरू नका. खाली लोकांनी त्याला काय काय म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाही. कंपनीचं उत्तरही आलं, फार सभ्य होतं. थंड हवेत वापरणाऱ्याचा अनुभव काही प्रमाणात वेगळा असू शकतो, असं त्यात लिहिलेलं होतं. आत्यानं ते वाचून विचारलं, "पाच टाके म्हणजे किती प्रमाण?"

मंगळवार ते शुक्रवार ही दोघं गावभर हिंडली. आत्याच्या खणात लोकांनी टाकून दिलेले जुने तारेचे ब्रेक होते. जाड, बोजड, दिसायला अगदी गावंढळ, पण तार ओढली की चाक थांबणार, उन्हातही आणि दंवातही. ती गिऱ्हाइकाच्या दारात पोतं टेकवायची आणि पहिलं वाक्य म्हणायची, "मी न तपासता बसवलं. माझी चूक आहे. सायकल आण." बस्स. "भाच्यानं लिहिलं होतं" हे चार दिवसांत तिच्या तोंडून एकदाही आलं नाही. भाचा बाजूला उभा राहून पाने देत होता आणि प्रत्येक दारात थोडा थोडा लहान होत होता. बेकरीवाल्यानं तर सायकल देता देता म्हटलं, "आत्या, तुमची कसली चूक? तुमची चूक असती तर ती पण तुम्ही भिंतीवर टांगली असती." आत्या म्हणाली, "टांगणार आहे."

शुक्रवारी संध्याकाळी एकच राहिली. हेडमास्तरांची.

हेडमास्तर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण निवृत्ती त्यांना मानवलेली नव्हती. रोज पहाटे ते डोंगरात सायकल हाकायचे, आणि दिवसभर वर्तमानपत्रातल्या चुका काढायचे. भाचा त्यांच्याच हाताखालून गेलेला. त्यांनी दोघांना आत घेतलं, बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाही."

"नाही म्हणजे?" आत्या म्हणाली.

हेडमास्तरांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. भाच्याचं परीक्षण. छापून घेतलेलं, लाल शाईनं तपासलेलं. "शुद्धलेखनाच्या चार चुका," ते म्हणाले. "बाकी मजकूर मला पटला. म्हणून मी ब्रेक घेतला. आता तुम्ही म्हणता काढा. बाई, तुमच्याबद्दल मला आदर आहे, पण विचार करा. एकीकडे तुमच्या फ्रीजमधला एक तास. दुसरीकडे," त्यांनी कागदावर बोट ठेवलं, "महिनाभर डोंगरातले सगळे उतार. अनुभव कुणाचा मोठा?"

"टपालवालीची हनुवटी बघितलीत का?"

"ती पहिल्यापासून वेगानं हाकते. मी तिला शाळेतही सांगत होतो."

आत्यानं हात टेकले. तिच्याकडे आणखी पुरावा नव्हता. शेजारच्या खोलीत सायकल भिंतीला टेकून उभी होती, आणि उद्या पहाटे साडेपाच वाजता एक्काहत्तर वर्षांचा हा हट्टी माणूस दंवानं पांढऱ्या झालेल्या वाटेनं ती घेऊन खाली उतरणार होता. खिडकीची काच आताच धुरकट झाली होती.

हेडमास्तर भाच्याकडे वळले. "हे वाक्य तुझंच ना?"

"हो, सर."

"मग तुझा तुझ्यावर विश्वास नाही?"

भाच्यानं आत्याकडे बघितलं. ती पोत्यातली ब्रेक सोडवायची ॲलन की शोधत होती, मान खाली होती. तिचे केस विरळ झालेत, हे त्याला त्या क्षणी दिसलं, आणि कशाचा कशाशी संबंध नसताना रडू आल्यासारखं झालं.

"महिना नव्हता, सर," तो म्हणाला. "नऊ दिवस होते."

पोत्यातला हात थांबला.

"आणि डोंगर?" हेडमास्तरांनी चष्मा काढला.

"दोनदा. बाकी कालव्याकाठचा रस्ता."

"कालव्याकाठी माझी नात तीनचाकी चालवते."

"हो, सर. ती भेटायची."

हेडमास्तरांनी कागदाकडे बघितलं. मग खिशातून लाल पेन काढून "महिनाभर" या शब्दावर एक रेघ मारली, सावकाश, कोपऱ्यात काहीतरी लिहिलं, बहुधा पाचवी चूक, आणि कागदाची घडी करून खणात ठेवली. "सायकल आतल्या खोलीत आहे," ते आत्याला म्हणाले. "काढा ते ब्रेक."

आत्या आत गेली. तिनं ब्रेक काढले. तेव्हा कळलं की पोत्यात तारेची जोडी उरलेली नाही, एक जोडी मधेच गंजलेली निघाली होती. तिनं बाहेर जाऊन स्वतःच्या सायकलचे ब्रेक सोडवले आणि हेडमास्तरांच्या सायकलला बसवले. चाक फिरवून थांबवलं, पुन्हा फिरवून थांबवलं, दहा वेळा. मग स्वतःची बिनब्रेकची सायकल हातात धरून ती चालत घरी निघाली. भाचा दुसऱ्या बाजूनं चालत होता. मधे सायकल.

अर्धा रस्ता झाल्यावर तिनं विचारलं, "नऊ दिवसांत तुला आवडला होता?"

"खूप आवडला होता."

"मग नऊ लिहायचं होतंस," आत्या म्हणाली. "बाकीचे दिवस मी चालवला असता."

एवढंच. रागावून नाही, ओरडून नाही. पण भाच्याला आजवर जेवढी बोलणी बसली त्या सगळ्यांत हेच वाक्य आत गेलं आणि तिथंच राहिलं. त्याला कळलं की आपण कंपनीला फसवलं नाही, हजारो वाचकांनाही तेवढं नाही. जी बाई जगात कशावरही न तपासता विश्वास ठेवत नव्हती, तिनं आयुष्यात एकदाच ठेवला होता, आणि नेमका तोच विश्वास आपण वाया घालवला.

शनिवारी सकाळी पत्र्यावर दंव होतं. छतावरून थेंब टपकत होते. आत्यानं अकराही जोड्या एका तारेत ओवून घुंगरांच्या माळेसारख्या भिंतीवर टांगल्या. जाडजूड खिळा ठोकावा लागला. मग तिनं पुठ्ठ्याची चिठ्ठी कापली आणि पेन्सिलीसकट भाच्यापुढं ठेवली, वीस-बावीस वर्षांपूर्वी ठेवायची तशी.

"लिही. बसवलं: ऐन उन्हाळ्यात, अकरा जोड्या. गेलं: पहिल्या थंडीत. कुठं: वरच्या वस्तीखालचं शेवटचं वळण. कसं: लिव्हर मुठीला टेकली." तिनं थोडा वेळ घेतला. भाचा आपल्या नावाची वाट बघत होता. "कारण: बसवणारीनं तपासलं नाही."

भाच्यानं पहिल्या चार ओळी लिहिल्या. पाचवीवर पेन्सिल थांबली. आत्याच्या चिठ्ठ्यांवर कारणाला एकच ओळ असते, दोन कारणं मावत नाहीत. त्यानं लिहिलं, "कारण: नऊ दिवसांना महिना म्हटलं." आणि चिठ्ठी तिच्याकडे सरकवली.

आत्यानं चष्मा लावून वाचलं. "मी हे सांगितलं नव्हतं."

"नाही."

"खोड."

"नाही खोडणार, आत्या. कळल्याशिवाय लिहायचं नाही असं तूच सांगितलंस. हे मला कळलंय."

आत्यानं ती चिठ्ठी ब्रेकला बांधली. मग तिनं दुसरा पुठ्ठा कापला, पेन्सिल हातात घेतली आणि स्वतःच्या अक्षरात, कोंबडीच्या पायांनी, आपलं कारण लिहिलं. "भाच्याचं होतं म्हणून तपासलं नाही." तीही बांधली. सगळ्या भिंतीवर दोन चिठ्ठ्यांचा तेवढा एकच खिळा आहे. नवी गिऱ्हाइकं विचारतात, इथं दोन का? आत्या म्हणते, "वजन जास्त होतं."

सोमवारी पहाटे सहा वाजता भाचा पाण्याच्या टाकीपाशी उभा होता. कान लाल, नाक वाहत होतं. कुणी बोलावलं नव्हतं. आत्या आली, त्याच्याकडे बघितलं आणि नवा ब्रेक लावलेली आपली सायकल त्याच्या हातात दिली. "ओल्या जागेवर जपून," एवढंच म्हणाली आणि आपण पायी खाली निघाली. गुडघे आताशा दुखतात, ते तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्याला ती चालताना बघूनच कळलं.

तो रोज येत राहिला. थंडीत, नंतर उन्हात, नंतर पावसात. कंपन्यांची खोकी आपोआप थांबली. वाचणारे गळाले. वर्षभरात त्यानं एकच परीक्षण लिहिलं. त्यात काही रेशमासारखं सरकत नव्हतं, कुणी जमिनीशी बोलत नव्हतं. मथळ्यात फक्त ब्रेकचं नाव होतं. पहिली ओळ होती, "दिवस तीनशे बारा. उतार एकच. ओल्या जागेवर मागचा ब्रेक ओरडतो, बाकी तक्रार नाही."

ते आलं त्या दिवशी टपालवाली दुकानात होती. हनुवटीवर पांढरी रेघ, बगलेत परीक्षणातला तो ब्रेक. "आत्या, हा बसवून द्याल?" ती दबकत म्हणाली. "की आधी वर्षभर तुम्ही चालवणार?"

आत्यानं मोबाइल काढला, चष्मा लावला, परीक्षण सावकाश दोनदा वाचलं. भाचा भिंतीपाशी उभा होता, डाव्या भिंतीपाशी. 

आत्यानं चष्मा काढून खिशात ठेवला आणि टपालवालीची सायकल उचलून स्टँडवर चढवली.